फिलिपिन्समधील बुरशीची पुडी

रावेर तालुक्यात आमच्या घरी तीन पिढ्यांपासून केळीची बाग आहे आणि मी स्वतः सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. त्यामुळे फिलिपिन्सच्या अभ्यास दौऱ्यावर गेलेल्या पुतण्याचा फोन आला, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. तेथील एका बागायतदाराने त्याला मुळांशी टाकायच्या जिवंत बुरशीची अर्धा किलोची पुडी भेट दिली होती. "आत्या, पावडरच तर आहे, बॅगेत टाकून आणतो," तो म्हणाला. मी त्याला पुडी तेथेच ठेवायला सांगितले. त्यामागचे कारण सविस्तर लिहिते.

१९१४ च्या कीड-रोगविषयक कायद्याखाली काढलेल्या २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशानुसार जिवंत कीटक, सूक्ष्मजीवांची संवर्धने (कल्चर) आणि जैविक नियंत्रणाचे घटक देशात आणायचे असतील, तर केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांचा परवाना आधी घ्यावा लागतो. हे कार्यालय फरिदाबादला आहे. त्यासाठी जीव नेमका कोणता, कोठला आणि कशासाठी हवा, हे सांगावे लागते. मातीवरही असेच कडक निर्बंध आहेत.

युरियाची गोणी शेतात टाकली की संपते. जिवंत बुरशी मात्र टाकल्यानंतर वाढू लागते. शिवाय पाकिटावर ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगकारक बुरशींना रोखणाऱ्या उपयुक्त बुरशीचे नाव, छापलेले असले, तरी ज्या भुकटीत ती वाढवली, ती निर्जंतुक नसेल तर तिच्यासोबत दुसरे काय आले हे डोळ्यांनी कळत नाही. केळीच्या पनामा मर रोगाची फ्युजेरियम बुरशी अशीच मातीतून, मुनव्यांतून आणि बुटांच्या तळव्यांतूनही फिरते. रोगट झाडाचे खोड आडवे कापले की आत तांबूस-तपकिरी कडी दिसते, आणि या बुरशीचे बीजाणू जमिनीत कित्येक वर्षे तग धरतात. जुन्या पनामा मर रोगाने मध्य अमेरिकेतील ग्रो मिशेल केळीचा व्यापार बुडवला, म्हणून जगाने कॅव्हेंडिश गटाची केळी स्वीकारली. आपली बसराई आणि जी-९ याच गटातील; आणि टीआर-४ हा नवा प्रकार नेमका कॅव्हेंडिशलाच मारतो. फिलिपिन्सच्या बागांत तो आहे, २०१९ मध्ये तो कोलंबियात पोहोचला.

पुतण्याने योग्य शंका काढली, की टीआर-४ बिहारमध्ये आलाच आहे, मग परवान्याने काय साधणार? देशात आलेला रोग खानदेशात पोहोचू न देणे हे वेगळे काम आहे आणि तेही करायलाच हवे. पण युगांडात २००१ मध्ये दिसलेल्या झॅन्थोमोनास मर रोगासारखे जे रोग आपल्या बागांनी पाहिलेलेच नाहीत, त्यांना निदान विमानतळावर अडवता येते. केळीवरील हरण्या या विषाणुजन्य रोगामुळे उपटून बांधावर टाकलेली झाडे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा धोका समजावून सांगावा लागत नाही.

परवान्याला वेळ लागतो, ही तक्रार खरी आहे. तरीही त्या वाटेने काम होते. मिकानिया या उपद्रवी तणवेलीला आवरण्यासाठी त्रिनिदादची तांबेरा बुरशी आपल्याकडे रीतसर आणली गेली, संगरोधात इतर वनस्पतींवर तपासली गेली आणि मगच २००५ मध्ये आसामात सोडली गेली.

ट्रायकोडर्मा तर आपल्याच देशात तयार होते, आणि अभ्यासासाठी नोंदवलेली संवर्धने पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रातून मागवता येतात. पुतण्याने पुडी परत केली. बागेत वापरलेले बूटही तेथेच सोडून यायला मी त्याला सांगितले आहे.