मागच्या सीटवरून

सायलेन्सर या शब्दाची मला कीव येते. नाव गप्प बसवणाऱ्याचं आणि आपली अपेक्षा सनईचौघड्याची. मीही त्यातलाच. साडेतीनशे सीसीची क्रूझर मोटरसायकल घेऊन महिना झाला नाही तोच तिचा आवाज मला मिळमिळीत वाटायला लागला. खरं तर एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच ठोका देतं, म्हणजे हजार आरपीएमला सेकंदाला जेमतेम आठ. त्यात आता थरथर मारायला बॅलन्सर शाफ्ट. पण लहानपणी साताऱ्यात आमच्या गल्लीत एकाची बुलेट होती. ती पोवई नाक्यावर आली की राजवाड्यावर कळायचं म्हणे. (मी कधी तपासलं नाही.) ते 'म्हणे' मला हवं होतं.

तेव्हा आखूड, काळा सायलेन्सर बसवला. त्यातला डीबी किलर, म्हणजे आवाज दाबणारा आतला तुकडा, मिस्त्रीनं न विचारताच काढून हातात दिला. पहिली चक्कर थेट पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये. भुयारात अ‍ॅक्सिलरेटर सोडला की न जळलेलं पेट्रोल तापल्या नळीत पेटायचं, फट् फट् फट्. पेट्रोल माझं, फटाके माझे, दचकणार दुसरे. तीन आठवडे स्वर्गात होतो.

मग हिशोब सुरू झाला. १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला ८० डेसिबलची मर्यादा आहे, आणि १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. दंड १०,००० रुपयांपर्यंत. पोलिस दिसला की मी क्लच दाबून गाडी उतारावर नुसती सोडून द्यायचो. एवढा दणकट आवाज विकत घेऊन तो लपवत फिरणारा माणूस साताऱ्यात मीच असेन.

बायको मात्र आवाजाबद्दल काही बोलली नाही. निदान मला तरी ऐकू आलं नाही. यवतेश्वरमार्गे कासला गेलो, २५ किलोमीटर. उतरल्यावर ती पाच मिनिटं कमरेवर हात ठेवून तळ्याकडे बघत राहिली. फुलं बघायची आठवण मीच करून दिली.

मग सीट बदलायला गेलो. गादीवाल्या चाचांनी आधी गाडीकडे पाहिलंच नाही. "मागं वहिनी बसतात का? किती वेळ?" मग त्यांनी क्रूझरची मेख सांगितली. पाय पुढे पसरलेले, त्यामुळे खड्डा आला तरी पायांवर जोर देऊन उचलून घेता येत नाही. सगळा दणका माकडहाडावर. मागच्याला तर खड्डा आधी दिसतही नाही. मी म्हटलं, मऊ फोम टाका. ते हसले. "मऊ गादी दुकानात मऊ. अर्ध्या घाटात खाली प्लेट लागती." अंगठ्यानं तीन तुकडे दाबून दाखवले, घट्ट फोम हळू दबतो आणि हळूच वर येतो. मागची सीट बोटभर रुंद केली, पुढे घसरू नये म्हणून मागून किंचित खोल. काळं रेक्झिन, साधी शिलाई. मी लाल दोऱ्याची चौकडी सुचवली होती. "बसल्यावर कुणाला दिसणार?" म्हणाले. सायलेन्सरचा सगळा व्यवहार दुसऱ्याच्या कानासाठी होता. इथं बघायलासुद्धा कुणी नव्हतं.

पैसे घेताना चाचा सायलेन्सरकडे बघत पुटपुटले, "कमरेचं झालं. ह्याचं औषध माझ्याकडं न्हाई."

जुना सायलेन्सर माळ्यावर होता. उतरवून बसवला, जड लागला. पुढच्या रविवारी पुन्हा घाट. यवतेश्वरच्या वळणावर मागून पहिल्यांदा शब्द स्वच्छ ऐकू आले.

"वळणाच्या आधी ब्रेक लावत जा."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तीन महिने तेच सांगतेय."