पेशीची कड आत का वळते

गणपतीचा मांडव घालताना कधी नीट बघितलंय का, कापड चार खांबांना ताणून बांधलं की दोन खांबांमधली कड सरळ राहत नाही, आत वळते. परवा मायक्रोस्कोपखाली अगदी हेच दिसलं, फक्त कापडाच्या जागी एकच जिवंत पेशी होती, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये.

करायचं असं की सिलिकॉन रबरच्या बारीक शिक्क्याला फायब्रोनेक्टिन नावाचं प्रोटीन लावून काचेवर ठिपके उमटवायचे आणि बाकीच्या काचेवर पेशीला चिकटताच येणार नाही असा लेप द्यायचा. मग पेशी सोडल्या की त्या पसरतात, ठिपक्यांवर पाय रोवतात आणि मधली जागा नुसती ओलांडतात. आत ॲक्टिन नावाच्या प्रोटीनचे धागे आणि त्यांना खेचणारं मायोसिन हे दुसरं प्रोटीन सगळं आतल्या बाजूला ओढत असतात, कडेला मात्र ॲक्टिनची जाड दोरी बनते आणि ती सरळ व्हायला बघते, म्हणून कमान. त्या कमानीची त्रिज्या म्हणजे कडेचा ताण भागिले पृष्ठभागाचा ताण, साबणाच्या पडद्यातल्या दोऱ्याचं गणित तेच! पण 2008 मध्ये मोजमाप आलं त्यात ठिपक्यांमधलं अंतर वाढलं की त्रिज्याही वाढत होती, म्हणजे कडेचा ताण ठरलेला नाही, ती दोरी रबरासारखी आहे, जितकी लांबवाल तितकी जास्त ओढणार. मला हे फार सुंदर वाटतं.

आणि आकार ही नुसती दिसण्याची गोष्ट नाहीये. 1997 मध्ये चेन, इंगबर, व्हाइटसाइड्स वगैरे संशोधकांनी रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी प्रोटीनच्या अशा छोट्या-मोठ्या बेटांवर ठेवल्या, मोठ्या बेटावरच्या वाढल्या, अगदी छोट्यावरच्या मेल्या. आता कोणीही म्हणेल की छोट्या बेटावर चिकटायला प्रोटीनच कमी मिळालं, म्हणून मेल्या. तर त्यांनी तेवढंच प्रोटीन बारीक ठिपक्यांत वाटून लांब लांब ठेवलं, पेशी ठिपक्याठिपक्यांवरून पसरली आणि जगली! 2004 मध्ये तर मूलपेशींवर दिसलं की आखडून बसलेली चरबीची पेशी होते, पसरलेली हाडाची.

पुढच्या आठवड्यात व्ही आकाराचा शिक्का करतेय. दोन बाजूंना चिकटायला जागा, तिसरी अधांतरी. सगळ्यात जाड ॲक्टिन त्या अधांतरी कडेवरच येतं, पण मला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय.