धुवारीतला फाटा

परवा पहाटे यष्टीची वाट पाहत फाट्यावर उभा होतो. यवतमाळकडं डिसेंबरात धुवारी पडली की पाच हातांवरचा माणूस ओळखू येत नाही, चहाच्या ठेल्याचा बल्ब म्हणजे नुसता एक पिवळा डाग आणि त्याभोवती वलय. मला एकदम जुना अमेरिकन फोटोग्राफर स्टिग्लिट्झ आठवला. १८९३ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर बर्फाच्या वादळात हा माणूस तीन तास उभा राहिला, हवा तसा क्षण येईपर्यंत, आणि मग तो फोटो, बर्फातून समोर येणारी घोडागाडी, मी कितीदा पाहिला असेल काय माहीत.

त्या काळच्या फोटोत जो माहोल आहे ना तो वरून लावलेला नाही, आत्ताच्या अॅपमध्ये व्हिंटेज फिल्टर टाकून तो येतच नाही. तेव्हाच्या काचेच्या प्लेटा मुख्यतः निळा उजेड पकडायच्या, म्हणून आभाळ पांढरं फटक आणि लांबची निळसर हवा फिकी होत जाते, जवळचं घर काळं, मागचं करडं, त्यामागचं जवळजवळ विरलेलं. प्लेटा हळू पण होत्या. फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या दागेरनं १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलव्हार द्यू तांप्लचा फोटो काढला तेव्हा रस्ता वाहता होता, पण एक्स्पोजर, म्हणजे प्लेटवर उजेड पडू द्यायचा वेळ, काही मिनिटांचं, त्यामुळं गाड्या, माणसं सगळी गायब, उरला फक्त बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला एक माणूस. मला तर पॅरिसचा जुना फोटोग्राफर आज्जे, त्याची गल्ल्यांची चित्रं सगळ्यात जास्त आवडतात, लाकडी कॅमेरा अन् १८ बाय २४ सेंटीमीटरच्या प्लेटा घेऊन तो सकाळी निघायचा. रिकामा रस्ता, ओले दगड, कुठं दाराच्या काचेमागं एक पुसट चेहरा, बस. पाहताना पोटात कालवतं.

तर मीही मोबाईल दगडावर टेकवला, प्रो मोडमध्ये एक्स्पोजर आठ सेकंद ठेवलं, ब्लॅक अँड व्हाइट केलं. बाबा सोबत होते, म्हणाले, "काहून बे, धुवारीचा काय फोटो काढून रायला? तिकडं तुरीचा फुलोरा गळून रायला." खरं आहे त्यांचं, तूर ऐन फुलावर आहे, अशी धुवारी चार दिवस राहिली की झाडाखाली फुलांचा सडा पडतो.

तेवढ्यात यष्टी आली. फोटोत चढणारे सगळे धुरासारखे पुसले गेलेत, बाबा पण, हेडलाइटचा एक पांढरा पट्टा दिसतो, आणि शेकोटीजवळ उकिडवे बसलेले एक म्हातारेबुवा तेवढे ठळक आलेत.