ब्रेकेजची वही

केमिस्ट्री विभागात आम्हाला दोन वह्यांचा धाक असायचा. एक आमची स्वतःची, म्हणजे जर्नल: डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं आकृती, उजव्या पानावर शाईनं प्रयोग. दुसरी प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या काकांची. लांबट, कापडी पाठीची, स्टोअररूमच्या खिडकीत दोरीनं बांधलेल्या पेनासकट पडलेली. जे काही फुटेल त्याची नोंद तिच्यात व्हायची, म्हणून तिला सगळे ब्रेकेजची वही म्हणत. जर्नलवर सरांची सही लागायची, ब्रेकेजच्या वहीवर आमची.

तेव्हा जीव सगळा जर्नलमध्ये अडकलेला असायचा. आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, त्या विभागात खरं म्हणून जे काही लिहिलं गेलं ते दुसऱ्या वहीत.

टायट्रेशनचंच घ्या, म्हणजे ॲसिड पुरतं संपवायला किती अल्कली लागतं ते थेंबाथेंबानं मोजणं. स्टँडला उभी बुरेट, म्हणजे खाली तोटी असलेली काचेची नळी, एका मिलिलिटरचे दहा भाग पाडलेली. खाली कॉनिकल फ्लास्कमध्ये पिपेटनं मोजून घेतलेलं १० मिली ॲसिड, त्यात अल्कलीत गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब, फ्लास्कखाली पांढरी टाइल. डाव्या हातानं बुरेटमधून अल्कली सोडायचं, उजव्या हातानं फ्लास्क गोल गोल हलवत राहायचं. थेंब पडतो तिथं गुलाबी वलय उमटतं आणि हलवल्यावर विरून जातं. हळूहळू विरायला वेळ लागायला लागतो. हात आखडता घ्यायची वेळ तीच, आणि शेजारच्या मुलीला काहीतरी विचारायचं असतं तेही त्याच वेळी. एक थेंब म्हणजे साधारण ०.०५ मिली. खरा एंड पॉइंट, म्हणजे गुलाबी रंग टिकतो तो थेंब, इतका फिकट असतो की गुलाबी झालंय की आपल्यालाच तसं वाटतंय, हा प्रश्न पडावा. मुरलेली माणसं अर्धा थेंब घेतात: बुरेटच्या टोकाला लोंबकळत ठेवायचा, फ्लास्कच्या कडेला टेकवून उतरवून घ्यायचा आणि वॉश बॉटलच्या धारेनं आत ढकलायचा. आमचा एंड पॉइंट मात्र लांबूनही दिसायचा. ज्यांचा खरंच फिकट यायचा ते फ्लास्क तसाच ठेवून सरांची वाट बघायचे. तेवढ्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळून गुलाबी रंग उडून जायचा. मग चुकलं म्हणून आणखी एक थेंब.

तर अशा रीतीनं पहिलं अंदाजाचं पायलट रीडिंग, मग तीन रीडिंगं. तिन्ही सारखी यायला हवीत. त्याला म्हणायचं सी.बी.आर., कॉन्स्टंट बुरेट रीडिंग. माझी यायची ९.७, १०.१ आणि ९.९. जर्नलमध्ये उतरायची ९.९, ९.९, ९.९. वर्गातल्या प्रत्येकाचा हात इतका स्थिर कसा, हे सरांनी कधी विचारलं नाही. काही जण त्याहून पुढचे. ते आधी उत्तर मिळवायचे आणि गणित उलटं करत रीडिंगपर्यंत यायचे. खरं तर त्यासाठी सरळ करण्यापेक्षा जास्त अक्कल लागते.

सॉल्ट ॲनालिसिसमध्येही, म्हणजे दिलेला क्षार कोणता ते ओळखण्यातही, तीच गत. शाळेतल्या मराठी पुस्तकानं ओळख करून दिलेला मोरचूद, हिराकस, नवसागर इथं कॉपर सल्फेट, फेरस सल्फेट, अमोनियम क्लोराइड अशा परीक्षेच्या कपड्यांत भेटायचे, पण चेहरे ओळखीचेच. निळे खडे दिसले की तांबं, फिकट हिरवे दिसले की लोखंड. मग जर्नलमध्ये कोरड्या ड्राय टेस्टपासून धातूचा ग्रुप ठरवण्यापर्यंतचा प्रवास असा लिहायचा, की जणू आपण काहीच माहीत नसलेल्या प्रदेशात कंदील घेऊन निघालो होतो. मागच्या बॅचकडून बाटल्यांचे नंबरही मिळायचे, पण त्याबद्दल जास्त बोलत नाही.

थोडा खरेपणा असायचा तो बोटांवर. सिल्व्हर नायट्रेट सांडलं की त्या वेळी काहीच दिसत नाही. उजेड लागून त्यातली चांदी सुटी होते आणि संध्याकाळपर्यंत कातडीवर काळे डाग उमटतात, साबणाला न जुमानणारे. म्हणूनच ती बाटली गडद तपकिरी काचेची. आणि हायड्रोजन सल्फाइडचा तो सडक्या अंड्यांचा वास. हा वायू तयार करणाऱ्या किपच्या उपकरणाची बाकी सगळ्यांना भीती वाटायची, मला मात्र त्याचं कौतुक होतं. तोटी उघडली की ॲसिड वर चढून फेरस सल्फाइडला भिडतं आणि वायू निघू लागतो. तोटी बंद केली की साठलेला वायूच ॲसिडला खाली रेटतो आणि सगळं आपलं आपण थांबतं. पेट्रस किप या डच गृहस्थानं १८४४ च्या सुमारास हे डोकं लढवलं. थोड्या वेळानं वास येईनासा झाला की आम्ही म्हणायचो, सवय झाली. प्रमाण वाढलं की हा वायू नाकच बधिर करतो, म्हणजे वास थांबला की पळायचं असतं, हे फार नंतर कळलं.

आता काकांच्या वहीकडे येते. विभागात तासाला सर बोलायचे, पण प्रयोगशाळा चालायची काकांवर. फुटल्याच्या आवाजावरून काय फुटलं ते त्यांना स्टोअररूममध्ये बसल्या जागी समजायचं. "टेस्ट ट्यूब," असं मान वर न करता म्हणायचे, किंवा "बीकर. मोठा." मग गुन्हेगारानं तुकडे घेऊन खिडकीशी यायचं. वहीत तारीख, रोल नंबर, वस्तू, नग, सही एवढे रकाने छापील. 'कसे फुटले' हा रकाना काकांनी पट्टी घेऊन स्वतः आखला होता, आणि तो भरायचेही तेच.

मराठीत 'फुटलं' आणि 'फोडलं' अशी दोन वेगळी क्रियापदं आहेत. त्या खिडकीशी उभं राहिलेल्या कोणालाही दुसरं कधी आठवलं नाही. हातून फुटलं, धक्का लागून फुटलं, ठेवलं तिथं फुटलं, आणि सर्वांत लोकप्रिय म्हणजे आपोआप फुटलं. काका सगळं ऐकून घेत आणि आपल्या मनानं लिहीत. रांगेत उभं राहिलं की वरच्या नोंदी वाचता यायच्या. "पिपेट. गप्पा." "टेस्ट ट्यूब, ४ नग. स्टँडसह." "बुरेट. कॉक अडकली, जोर लावला." "बीकर २५० मिली. गरम, ओल्या कट्ट्यावर."

या शेवटच्या नोंदीत अख्खा एक धडा आहे. काचेतून उष्णता सावकाश सरकते. तापलेला बीकर ओल्या कट्ट्यावर टेकला की बुडाचा बाहेरचा थर लगेच आकसतो, आतला अजून गरम आणि फुगलेलाच असतो, आणि या ओढाताणीत काच तडकते. साधी काच उष्णतेनं चांगल्या बीकरांच्या बोरोसिलिकेट काचेच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते. म्हणून काका चांगले बीकर वेगळ्या कपाटात ठेवायचे आणि आम्हाला साधे द्यायचे. आम्हाला तो दुजाभाव वाटायचा. आमचा पूर्वेतिहास काकांच्या वहीत होता, हे आम्ही विसरायचो.

अपघात मोठ्यांनाही चुकले नव्हते म्हणा. ज्याच्या नावाचा बर्नर आमच्या प्रत्येक कट्ट्यावर होता त्या बन्सनचा एक डोळा आर्सेनिकच्या एका संयुगाच्या स्फोटात गेला होता. 

माझ्या नावावर पहिलं वर्षभर एकच टेस्ट ट्यूब होती. मग बेंझॉइक ॲसिडचं स्फटिकीकरण आलं. गरम पाण्यात ते विरघळवायचं, गाळायचं, थंड होऊ द्यायचं, की पांढऱ्या चकचकीत पापुद्र्यांसारखे स्फटिक तरंगायला लागतात. दिसायला त्या वर्षातला सर्वांत सुंदर प्रयोग. माझ्या ट्रेमध्ये ग्लास रॉड नव्हता. मागायला उठायचा कंटाळा. हाताशी थर्मामीटर होता, आणि थर्मामीटर म्हणजे आकडे असलेली काडीच की. ढवळता ढवळता बुडाशी बारीकसा आवाज आला आणि स्फटिकांऐवजी चकाकणारे गोळे इकडून तिकडे धावायला लागले. घाबरून बीकर उचलायला गेले तर निम्मं कट्ट्यावर. पारा लाकडाच्या फटीत शिरला, तिथून फरशीवर. काका गंधकाची पूड घेऊन आले, सगळ्यांना लांब केलं, खिडक्या उघडल्या आणि गुडघ्यावर बसून पुठ्ठ्याच्या तुकड्यानं एकेक थेंब गोळा करत राहिले. मी खिडकीशी जाऊन सांगितलं, "घरंगळला काका, आपोआप फुटला." ते काहीतरी लिहीत होते. मी न वाचता सही केली. त्या दिवशीच्या जर्नलमध्ये माझ्या स्फटिकांचं वजन आहे. ते शेजारणीचं आहे.

पुढे कधीतरी वाचलं की १८९६ मध्ये जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीत नॅफ्थलीन आणि सल्फ्युरिक ॲसिडच्या मिश्रणात असाच एक थर्मामीटर फुटला, आणि पाऱ्यामुळे रखडणारी प्रक्रिया झपाट्यानं पुढे सरकली. त्यातून निळीसाठी लागणारं थॅलिक ॲनहायड्राइड सहज हाती आलं आणि दुसऱ्याच वर्षी कंपनीची कृत्रिम नीळ बाजारात उतरली. हेच थॅलिक ॲनहायड्राइड फिनॉलबरोबर तापवलं की आमचं गुलाबी फिनॉल्फ्थॅलिन मिळतं. त्या प्रयोगशाळेत कोणी काका असतेच, तर त्यांच्या वहीत काय लिहिलं गेलं असतं याचा मी बराच वेळ विचार केला होता.

मध्यंतरी विभागात जायचा योग आला. आता तिथं शिकवणारी मॅडम आमच्यानंतरच्या बॅचची. पाऱ्याचे थर्मामीटर गेले, लाल अल्कोहोलवाले आले. पिपेट तोंडानं ओढायची नाही, रबरी बल्ब आहे. तराजूची खोली, जिथं पंखा बंद ठेवून, चिमट्यानं वजनं उचलत आम्ही श्वास रोखून बसायचो, तिथं आता संगणक आहेत. डिजिटल तराजू कोपऱ्यातल्या टेबलावर एका छोट्या काचेच्या पेटीत मावला आहे. सॉल्टसुद्धा चिमूटभरच घेतात. कट्ट्यावरचे डाग मात्र मला ओळखू आले.

जुनी कपाटं रिकामी करणं चाललं होतं. डेड स्टॉकच्या रजिस्टरांखाली कापडी पाठी दिसल्या. मॅडम म्हणाली, "बघा हवं तर, रद्दीतच जायचंय." आमचं वर्ष शोधायला वेळ लागला. अक्षर लगेच ओळखलं.

"रोल नं. ४१. थर्मामीटर, १ नग. ढवळताना. ग्लास रॉड दिलेला नव्हता."

पुढे माझी सही, घाईघाईची, रकान्याच्या बाहेर गेलेली.