आखूड केसांची कटकट

दुपारी दोनला जुळे सोलापुरात रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मी मात्र गच्चीवर चादर झटकत उभी. चादर सोलापुरी, माझ्या लग्नातली, आता खारकेच्या नावावर झालेली. तीनदा झटकली, उलटी करून झटकली. केस जागचे हलले नाहीत. शेवटी खाली येऊन पंख्याखाली बसले आणि पायातला काटा काढावा तसे नखाच्या चिमटीत धरून एकेक उपटायला लागले.

खारीक म्हणजे आमचा कारवान जातीचा कुत्रा. रंग खारकेचा आणि उंची अशी की उभ्या उभ्या जेवणाच्या टेबलावर हनुवटी टेकतो. त्याला आणून देणारा म्हणाला होता, "वहिनी, आखूड केसाचं जनावर आहे, काही बघायला लागत नाही." त्या गृहस्थाला एकदा काळी पँट घालून या चादरीवर बसवायचंय.

लांब केसांचा निदान गुंता होतो, झाडूला लागतो. हे सुईसारखे विणीत शिरतात. शेजारच्या आजींचा जन्म मागावर गेला. त्यांनी चादरीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हे बी विणून घेतलं काय गं?" शेंगाचटणीत केस निघाला तर आमच्या घरी आता कुणी बोलत नाही. बाजूला काढतात आणि भाकरी मोडतात.

त्याच्यासाठी रबरी काट्यांचा हातमोजा आणलाय. एरवी आठवड्यातून दोनदा आणि उन्हाळ्याच्या तोंडाला केस झडतात तेव्हा रोज. मोजा मानेवरून खाली फिरायला लागला की हा 25 किलोचा देह माझ्या गुडघ्यावर रेलतो, डोळे मिटतो आणि म्हाताऱ्या माणसासारखा कण्हतो.

आबांकडं असले मोजेबिजे नव्हते. आमचं गाव अक्कलकोटकडं. कारहुणवीला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, बैल धुऊन, शिंगं रंगवून झाली की उरलेल्या पाण्यात हरण्याचा नंबर. तोही कारवानच. साबण नाही, काही नाही. पाणी निथळलं की आबा कोरड्या गोणपाटाचा तुकडा घेऊन त्याला मानेपासून शेपटीपर्यंत चोळत राहायचे, अंग चकाकेपर्यंत. मग त्याला निंबाखाली आडवा करून गोचिडं काढायची. माझ्याकडं रॉकेलच्या डब्याचं झाकण. आबा कान उलटा करायचे, मुळाशी धरून सरळ ओढायचे आणि झाकणात टाकायचे. मी मोजायची. फुगलेलं गोचीड एरंडाच्या बीसारखं दिसतं. मला त्याची किळस यायची नाही, उलट आकडा वाढला की आनंद व्हायचा.

मी पहिल्या महिन्यात खारकेला दर रविवारी माझ्याच शांपूनं न्हाऊ घातलं. अंगावर कोंडा धरला, रात्रभर खाजवणं. डॉक्टर म्हणाले, "याची कातडी आपल्यासारखी नाही. कुत्र्यांचाच शांपू आणा, आणि महिन्यातून एकदा पुरे." आमच्या नळाला पाणी चार दिवसांआड, त्यामुळे हा सल्ला घरात एकमतानं मंजूर झाला. एरवी ओला पंचा पिळून पुसायचं.

चरबी अंगावर नावालाच. शहाबादी फरशीवर बसून बसून कोपरांना घट्टे पडले, म्हणून तर लग्नातली चादर गेली. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

नखांचं मात्र मला अजून जमत नाही. चालताना फरशीवर टकटक वाजायला लागली की समजायचं, वाढली. दहा-बारा दिवस मी तो आवाज ऐकू न आल्यासारखं करते. खारकेची सगळी नखं काळी, फक्त मागच्या उजव्या पायाचं एक पांढरं. त्या एकात आतली गुलाबी शीर उजेडाला धरली की दिसते. बाकीच्यांत अंदाजपंचे. डॉक्टरांनी शिकवलंय, बारीक बारीक कापत जायचं आणि कापलेल्या जागी मधोमध गडद ठिपका दिसला की थांबायचं. मागच्या खेपेला ठिपका दिसला, पण कात्री दाबल्यावर. एवढंसं नख आणि रक्त किती. हळदीची चिमूट दाबून धरली. तो ओरडला नाही, फक्त पाय काढून घेतला आणि माझ्याकडं बघत राहिला. मुलगा दारातून म्हणाला, "काय करायलीस आई!" मी त्यालाच ओरडले.

2005 साली टपाल खात्यानं मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं होतं. आता मुधोळ आणि कारवान एकच की वेगळे, यावर आमच्या गावाकडं पारावर अजून भांडणं होतात. आबांनी ते तिकीट पाहिलं असतं तर म्हणाले असते, पोट जास्त काढलंय.

हरण्या एका श्रावणात खायचा बंद झाला. आबांनी त्याचा ओठ वर करून दाखवला, हिरड्या पांढऱ्याफटक. नजर लागली म्हणाले, मीठ-मोहरी ओवाळली. पाचव्या दिवशी निंबाखालीच गेला. झाकणात मी मोजलेले आकडे किती, आणि आमच्या हातून निसटलेलं एक कुठलं, कुणास ठाऊक. गोचीडताप हा शब्द मी पुष्कळ वर्षांनी ऐकला, खारकेला पहिल्यांदा दवाखान्यात नेलं तेव्हा.

चादर निम्मी झाली आणि कंटाळा आला. खारीक येऊन त्याच अर्ध्या चादरीवर पसरला. मी बसल्या बसल्या त्याचे कान उलटे केले, मग पंजे हातात घेतले. डाव्या पुढच्या पायाच्या दोन बोटांमध्ये काहीतरी टणक लागलं. चष्मा शोधून आणला. गवताचं कुसळ होतं.

ते काढून टाकलं, आणि सगळी बोटं पुन्हा पहिल्यापासून तपासली.