बुबुळाच्या कडेवरचा दाणा

धाकटी जन्मली तेव्हाच तिच्या उजव्या डोळ्यात, बुबुळाच्या खालच्या बाहेरच्या कडेला, तांदळाच्या दाण्याएवढा पिवळट उंचवटा होता. सासूबाई म्हणाल्या, "फूल पडलंय गं." एका डॉक्टरांनी सांगितलं, दिसण्यापुरतंच आहे, शाळेत जायला लागली की काढू. त्या एका वाक्यावर आमची तीन वर्षं गेली. ती अजून मनाला लागतात.

एकदा न्हाऊ घालताना उजेडात बघितलं तर त्या दाण्यातून दोन बारीक केस आलेले. दुसऱ्याच दिवशी पुण्याची गाडी धरली.

तिथल्या मॅडमनी नाव सांगितलं, लिम्बल डर्मॉइड. पोटात डोळा घडताना कातडीचा अंश भलत्या जागी राहून जातो, म्हणून त्यात केसांची मुळं आणि चरबी. कॅन्सर नव्हे. पण त्यांनी आधी कान बघितले, कानापुढे मांसाचे कोंब आहेत का ते चाचपलं, पाठीच्या मणक्यांचा एक्स-रे काढायला लावला. काही मुलांत हे सगळं एकत्र असतं, त्याला गोल्डनहार सिंड्रोम म्हणतात. आमच्याकडे तसं काही निघालं नाही.

मग थेंब घालून नंबर काढला. उजव्या डोळ्याला साडेचारचा सिलिंड्रिकल! गाठीमुळे बुबुळाची गोलाई बिघडली होती. त्या डोळ्याला धूसर दिसत राहिलं की मेंदू तो डोळा वापरणंच सोडतो. तीन वर्षांत हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

स्कॅनमध्ये गाठ वरवरची दिसली. खोल असती तर दान केलेल्या बुबुळाचा थर बसवावा लागला असता. पूर्ण भूल द्यायची, म्हणून सहा तास आधीपासून खाणं बंद, साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चाललं. भुकेल्या लेकराला मांडीवर घेऊन बसणं सगळ्यात जड गेलं. गाठ बुबुळाला सपाट होईल इतकी तासली आणि उघड्या जागेवर वारेच्या पिशवीचा पातळ पडदा लावला. तुकडा तपासायला गेला, रिपोर्टही डर्मॉइडचाच आला.

थेंब बरेच आठवडे चालले. स्टिरॉइडचे होते म्हणून मधूनमधून डोळ्याचं प्रेशर बघायचे. जागेवर पुसट पांढरा डाग राहिला, तो राहणार हे आधीच सांगितलं होतं.

नंबर मात्र जवळपास तेवढाच. ऑपरेशनने तो जात नाही, हे प्रत्येक आईबापाने आधीच विचारून घ्यावं. आता चष्मा, आणि रोज दोन तास चांगल्या डाव्या डोळ्यावर पॅच. शेजारच्या काकू विचारतात, चांगला डोळा का झाकलास? तो झाकला की मेंदूला उजवा वापरावाच लागतो, म्हणून. पहिले पंधरा दिवस ती पॅच ओढून काढायची, गालावर चिकटपट्टीचा लाल चौकोन उठायचा. मग मी ताटात मूग आणि मसूर एकत्र करून निवडायला द्यायला लागले. आधी बोटांनी चाचपडायची. काल पॅच लावूनच मसुराचा दाणा नेमका चिमटीत धरून म्हणाली, "आई, हा तुटकाय."

पुढची तारीख दीड महिन्यांनी आहे.