सेकंड हॅण्ड गाडी बिघडली? इंजिन खोलायच्या आधी हे वाचा

"सेकंड हॅण्ड गाडी आहे साहेब, तिला कसली आलीय गॅरंटी", हे डीलरने माझ्या मावसभावाला इतक्या ठासून ऐकवलं की तो गप्प बसून स्वतःच्या खिशातून इंजिनचं काम करायला निघाला होता. मला याचाच प्रचंड राग येतो, कारण जुनी वस्तू विकली म्हणून ग्राहक कायदा लागू होत नाही असं कुठेच लिहिलेलं नाहीये.

झालं असं, की पुण्यातल्या एका डीलरकडून त्याने 3 लाख 40 हजारांना डिझेल गाडी घेतली. व्हॉट्सअॅपवर मेसेज होता "सिंगल ओनर, इंजिन टकाटक, एक रुपयाचं काम नाही". महिना व्हायच्या आत खंबाटकी घाटात टेम्परेचरचा काटा लालमध्ये आणि बॉनेटमधून वाफ. गाडी गार झाल्यावर इंजिन ऑइलचं झाकण उघडलं तर आतून कॉफीच्या रंगाचा फेस चिकटलेला, म्हणजे कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) ऑइलमध्ये मिसळत होतं, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याच्या वरच्या भागाच्या (हेडच्या) मधलं सील, गेलेलं. मेकॅनिक म्हणाला गाडी इथे ठेवून जा, उद्या हेड उतरवतो.

इथेच थांबायचं. एकदा हेड उतरलं की डीलर म्हणणार तुमच्याच मेकॅनिकने वाट लावली, आणि मग दोष विकतानाच होता हे सिद्ध करायला हातात काही उरत नाही. आम्ही गाडी टो करून कंपनीच्या ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटरला नेली, लेखी तपासणी रिपोर्ट घेतला आणि जुनी सर्व्हिस हिस्टरी मागितली. त्यात आधीच्या मालकाच्या वेळचीच ओव्हरहीटिंगची नोंद निघाली, काम सुचवलेलं आणि मालकाने नको म्हटलेलं! तो व्हॉट्सअॅप मेसेज आणि ही नोंद शेजारी शेजारी ठेवली की वेगळं काही सांगावंच लागत नाही. (किलोमीटर मागे फिरवलेत का तेही याच हिस्टरीत कळतं, खरं तर गाडी घेण्याआधीच बघायला हवी.)

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये दर्जाबद्दल खोटं सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, बिल न देणं पण त्यातच येतं, आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं सुद्धा. परत घेण्याची मुदत बिलावर छापलेली असेल तर ती, नसेल तर 30 दिवस, त्यामुळे फोनवर भांडण्यात दिवस घालवू नका, लगेच ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने लेखी तक्रार द्या. "जशी आहे तशी घेतली" अशा कागदावर सही केली असेल तर बाजू थोडी कमजोर होते हे खरं, पण माहीत असलेला दोष लपवून विकायचा परवाना त्याने मिळत नाही. हां, क्लच प्लेट, बॅटरी, टायर अशी वापराने झिजणारी कामं घेऊन गेलात तर फारसं हाती लागणार नाही, जुन्या गाडीत ते धरूनच चालायचं.

आणि गाडी डीलरकडून न घेता सोसायटीतल्या कुणाकडून, ओळखीत घेतली असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता बहुतेक बंद, कारण तो व्यापारी नाही. तिथे करार कायद्याखाली फसवणूक म्हणून दिवाणी कोर्टात जावं लागतं. म्हणून डीलर "हे फक्त ओनरचंच आहे, आम्ही मध्यस्थ" म्हणायला लागला की पैसे कुणाच्या खात्यात गेले आणि पावती कुणाच्या नावाची ते आधी बघा.

या लेखी तक्रारीला, म्हणजे नोटिशीला, डीलरने दाद दिली नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य, वकील सक्तीचा नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, मुदत 2 वर्षं. कायद्यात निकाल तीन ते पाच महिन्यांत असं आहे, प्रत्यक्षात जास्त लागतो, ती तयारी ठेवा.

आमच्या नोटिशीनंतर डीलर पार्टचे पैसे द्यायला तयार झाला, पण तोंडी. लिहून देईना, म्हणून आता तक्रार ऑनलाइन दाखल केलीय आणि इंजिन अजून खोललेलं नाही. तुमचं पोट गाडीवर असेल आणि थांबणं शक्यच नसेल तर डीलरला लेखी कळवून, खोलताना व्हिडिओ काढून, जीएसटी बिलावर काम करा आणि जुनं गॅस्केट, जुने पार्ट मेकॅनिककडे सोडू नका, पिशवीत भरून घरी आणा.